हिलाल नानांचा शब्द

हिलाल नाना कुणाच्या घरी सोयरीक घेऊन गेले की आधी पोराची खोट सांगायचे. मुलीचा बाप पुढे सरकून शेती किती, विहिरीला पाणी किती असं विचारायला लागला की नाना हात वर करून त्याला थांबवायचे. "पहिले खोट आयका, मंग पोऱ्या आयका," म्हणायचे. पोरगा तंबाखू खातो, एका कानाने कमी ऐकतो, त्याची थोरली भावजय तोंडाची तिखट आहे, हे सगळं एका दमात सांगून टाकायचे. मुलीच्या आईचा चेहरा पडायचा. तो पुरता पडला की नाना पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचे, मिशी पुसायचे आणि मग पोराचं चांगलं सांगायला घ्यायचे. ते मात्र थोडक्यात.

आमचं गाव पारोळ्याहून धुळ्याला जाणाऱ्या रस्त्यापासून आत, बोरी नदीच्या काठाने. नाना आमचे शेजारी. मधे एक बुटकी भिंत, तिच्यावरून आमच्या घरची चटणी त्यांच्याकडे आणि त्यांच्या घरचं ताक आमच्याकडे जायचं. मी गावातल्याच शाळेत मास्तर होतो. नाना माझ्या वडलांच्या, आबांच्या वयाचे, माझं बारसं जेवलेले, तरी मी नोकरीला लागलो त्या दिवसापासून त्यांनी मला अहो-जाहो सुरू केलं. मला संकोच वाटायचा. ते म्हणायचे, मान खुर्चीला असतो, तुम्ही मधे पडू नका.

सोयरिकी जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता, नाद होता. थोडी कोरडवाहू जमीन, एक बैलजोडी, एक गाय, घरात बायको, अक्का. मूलबाळ नव्हतं. हंगाम संपला की नाना धोतराचा सोगा खोचून, छत्री काखेत मारून निघायचे ते अमळनेर, शिरपूर, साक्री असं फिरत राहायचे. मुलगा बघायला गेले की आधी ओट्यावर टेकायचेच नाहीत, सरळ गोठ्यात. बैलाच्या खांद्यावर जखम दिसली की पोरगा तापट आहे असं समजून चहा न घेता परत. गोठा पास झाला तर जेवायला थांबायचे आणि पोरगा आईशी कसा वागतो ते बघत बसायचे. जो आईच्या ताटात वाढून मग स्वतः घास घेतो तो बायकोलाही उपाशी ठेवणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. हा हिशेब सहसा चुकायचा नाही, म्हणून आमच्या गावातल्या निम्म्या पोरी त्यांच्या शब्दावर दिलेल्या होत्या.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या पोरी माहेरी यायच्या. झोके बांधले जायचे, गाणी सुरू व्हायची. पण नानांनी ज्यांची लग्नं जुळवली त्या पोरी आधी नानांच्या ओट्यावर यायच्या. नाना प्रत्येकीला एकच विचारायचे, "सुख शे ना माय?" पोरगी हो म्हणायची. नाना लगेच मान हलवायचे नाहीत. तिच्या हाताकडे, पायाकडे, डोळ्यांकडे बघायचे, आणि मग अक्काला सांगायचे की हिला गूळ दे. एखादीला गूळ द्यायला सांगितलं नाही तर अख्ख्या गल्लीला कळायचं की नाना आता छत्री काढणार.

आमच्या गल्लीतली विमल नरडाण्याकडच्या एका गावात दिली होती. नानांनीच जुळवलेलं. लग्नानंतरच्या दुसऱ्या आखाजीला ती आलीच नाही. नाना दुसऱ्या दिवशी तिच्या सासरी गेले. सासू म्हणाली, पोरगी बरी नाही. नानांनी पोरगी बाहेर बोलवा म्हणून सांगितलं. ती बाहेर आली तेव्हा तिचा एक डोळा सुजलेला होता. नाना त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसले. पाणी आणलं, घेतलं नाही. ताट आणलं, बाजूला सारलं. शेजारीपाजारी विचारायला लागले की बाबा, कुठले तुम्ही, इथे असे का बसलात. नाना प्रत्येकाला शांतपणे कारण सांगायचे. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं की या घरात सुनेला मारतात आणि सोयरीक आणणारा माणूस दारात उपाशी बसलाय. सासऱ्यानेच शेवटी हात जोडले. "पोर तुमले मी दिधी व्हती, मीच लई जास," म्हणून नाना विमलला घेऊन परत आले. गावात आल्यावर तिला घरी सोडून स्वतः पारावर गेले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक मनी शे. मी नीट देखं नही." विमलच्या बापाची त्यांनी माफी मागितली. बाप रडायला लागला, तर नाना त्याच्यावरच रागावले.

एवढं सगळं सांगितलं, कारण असल्या या माणसाकडे सदुसष्टच्या निवडणुकीत एकजण मत मागायला आला आणि त्याला वाटलं की आपण एका खेडवळ म्हाताऱ्याला पटवलं.

आमच्या गावाला एक मोठं गायरान होतं. गावची गुरं तिथे चरायची, भिलाटीतल्या, म्हणजे भिलांच्या वस्तीतल्या शेळ्या तिथेच जायच्या, पावसाळ्यात बाया तिथून गवताचे भारे आणायच्या. सरकारी पक्षाचे तालुक्यातले एक पुढारी, त्यांना सगळे चेअरमनसाहेब म्हणत, त्यांच्या डोळ्यात ते गायरान भरलं. तिथे सहकारी सूतगिरणी काढायची असं त्यांनी ठरवलं. गावाला कुणी विचारलं नाही. तेव्हा पारोळ्याचा एक तरुण वकील गावाच्या बाजूने उभा राहिला. फी न घेता अर्ज लिहायचा, मामलेदार कचेरीत लोकांबरोबर उन्हात थांबायचा. त्याला सगळे बापू म्हणायचे. विरोधी पक्षाने त्याला तिकीट दिलं तेव्हा तो सायकलवर बसून आमच्या गावी आला, नानांच्या ओट्यावर मांडी घालून बसला, कळण्याची भाकरी आणि ठेचा मागून घेऊन खाल्ला. म्हणाला, नाना, गावाचं मत तुमच्या शब्दात आहे, मला तेवढा शब्द द्या.

नानांनी लगेच शब्द दिला नाही. ते पोरगा बघायला पारोळ्याला गेले. आता वकिलाच्या घरी गोठा कुठला? ही मोठीच अडचण झाली. मग नानांनी त्याची सायकल बघितली. साखळीला तेल होतं, हवा नीट भरलेली होती, ते त्यांना आवडलं. दुपारी बापू कोर्टातून आला. त्याच्या आईला दात नव्हते. त्याने कोट काढला, हात धुतले, आईच्या ताटात भाकरी कुस्करून वर वरण ओतलं आणि मग स्वतःचं ताट ओढलं. नाना गावी परत आले ते खूश होऊन.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा प्रचार सुरू झाला. पाटीलवाड्यापासून भिलाटीपर्यंत एक घर सोडलं नाही. प्रत्येक ओट्यावर बसायचे आणि सांगायचे, "पोऱ्या वकील शे, म्हणजे बोलामा गोड शे, ही पहिली खोट. शेती नही, ही दुसरी. राग लवकर येस, ही तिसरी. पन मायले वाढीसन मंग जेवस. गायरान सोडाव नही. मना शब्द शे." आपल्या उमेदवाराच्या खोटी घरोघर सांगत फिरणारा प्रचारक पाहून पारोळ्याचे कार्यकर्ते धास्तावले. बापू मात्र हसला होता. म्हणाला, नाना, तुम्ही मला पाडून ठेवणार. तेव्हा तो असं मोकळं हसायचा. मला आजही वाटतं की त्या दिवसांत तो खोटं बोलत नव्हता, आणि म्हणूनच माझा राग जात नाही. जन्माचा लबाड असता तर नानांनी त्याला सायकलवरूनच ओळखला असता.

गावाने एकगठ्ठा मत दिलं. बापू निवडून आला. सुरुवातीला यायचा, पारावर बसायचा, विधानसभेत गायरानाबद्दल काय विचारलं ते वाचून दाखवायचा. सूतगिरणीचे कागद थांबले. नाना तेव्हा चालायचेसुद्धा जरा ताठ. पोरगी चांगल्या घरी पडल्यावर चालायचे तसे.

मग एका संध्याकाळी मोतीशेठच्या दुकानात रेडिओवर बातमी लागली. मोतीशेठ म्हणजे आमच्या गावचे मारवाडी किराणावाले, गावातला रेडिओ तेवढा त्यांचाच. विरोधी पक्षाचे काही आमदार सरकारी पक्षात गेल्याची बातमी होती आणि नावांमध्ये बापूचं नाव होतं. दुकानासमोरच्या सगळ्यांनी नानांकडे बघितलं. नाना म्हणाले, "सारखं नाव बी ऱ्हास. दुसरा कोनी व्हई." मोतीशेठनी रेडिओ बंद केला आणि उगाचच तराजू पुसायला घेतला.

त्यानंतर बापू गावात यायचा बंद झाला. तो बापूसाहेब झाला. पारोळ्याचं घर आईसाठी ठेवलं, आईला त्यात ठेवली आणि स्वतः धुळ्याला बंगला बांधला. मतदारसंघ जळगाव जिल्ह्यात आणि राहायला धुळे जिल्ह्यात. मतदाराने चालत गाठावं एवढ्या अंतरावर राहायचं नाही, हे त्याला फार लवकर कळलं.

तो गावात परत आला तो गायरानावर. मंडप, जीपगाड्या, पोलीस. सूतगिरणीचं भूमिपूजन होतं आणि मुख्य प्रवर्तक होते बापूसाहेब. शेजारच्या खुर्चीवर चेअरमनसाहेब बसलेले, तोंड एवढंसं करून, कारण त्यांनी शोधून काढलेलं गायरान दुसऱ्याच्याच पदरात पडलं होतं. गावाला दोरीच्या पलीकडे उभं केलं होतं. बापूसाहेब भाषणात म्हणाले की तालुक्याच्या विकासासाठी मी आज गायरानाचा त्याग करतो आहे. ते वाक्य ऐकताना माझी कानशिलं तापली. गायरान गावाचं, गवत गाईंचं, शेळ्या भिलांच्या, आणि त्याग याचा! मंडपातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते लोक जीपमधून आणलेले होते. दोरीच्या पलीकडे नाना छत्री टेकून उभे होते. बापूसाहेबांची नजर त्या बाजूला गेली नाही. जाऊ दिली नाही, असं म्हणायला हवं.

सूतगिरणी काही झाली नाही. कोनशिला झाली, काटेरी तार झाली, पाटी झाली आणि एक रखवालदार झाला. तारेच्या आत गवत वाढायचं आणि वाळून जायचं. गुरं आत शिरली की रखवालदार हाकलत कोंडवाड्यात न्यायचा. नानांची गायसुद्धा दोनदा कोंडवाड्यात गेली. भिलाटीतल्या लोकांनी शेळ्या विकून टाकल्या, आणि ज्यांनी विकल्या नाहीत त्यांच्या बाया पार नदीपलीकडे चारायला न्यायला लागल्या. सरकारदरबारी मात्र आमच्या गावात सहकार नांदत होता.

एक दिवस सकाळी नाना भिंतीपाशी आले. मला म्हणाले की मास्तर, आज सुट्टी घ्या, धुळ्याला जायचंय. शहरातलं बोलणं करायला कुणीतरी बरोबर पाहिजे. कशाला, असं मी विचारलं नाही. काखेत छत्री होती.

बंगला देवपूरच्या पुढे नव्या वसाहतीत होता. बाहेरच्या खोलीत पुष्कळ लोक बसलेले. कुणाला बदली हवी, कुणाला परवाना. मी चिठ्ठी पाठवली. दुपार टळल्यावर बापूसाहेब बाहेर आले. एका लिहिणाऱ्या पोरसवदा माणसाने त्यांच्या कानात प्रत्येकाचं नाव सांगायचं आणि त्यांनी ते नाव घेऊन हाक मारायची, अशी पद्धत बसवलेली दिसली. आमच्यापाशी आले तेव्हाही त्या माणसाने कानाशी तोंड नेलं. ज्याच्या घरची भाकरी खाल्ली त्याचं नाव या माणसाला दुसऱ्याकडून ऐकावं लागलं. मग ते एकदम वाकले, नानांच्या पाया पडले, आत चला म्हणाले.

आत चहा आला. नानांनी कपाला हात लावला नाही. बापूसाहेब बराच वेळ बोलत होते. विरोधात राहून काम होत नाही, फायली हलत नाहीत, गावाचं भलं करायचं तर सत्तेत बसावं लागतं. मी गेलो नाही, गावाचे प्रश्न घेऊन आत शिरलो. मग म्हणाले, "नाना, लोकांनी मला मत दिलं ते पाच वर्षांसाठी. तेवढ्या वेळात काय करायचं ते मला ठरवू द्या की."

नाना त्यांच्याकडे बघत होते. म्हणाले, "भाऊ, मत तुमले नही दिधं गावनी. मना शब्दले दिधं. तुमीन गावमा या, पारवर बठा, काय करं ते सांगा आनि लोकेसले परत ईचारा. ते हां म्हनतीन ते मनं काही म्हननं नही."

बापूसाहेब हसले. ते जुनं हसणं नव्हतं. असं कुठे असतं का, म्हणाले. मग एकदम काहीतरी सुचल्यासारखं करून म्हणाले की नाना, सूतगिरणीच्या संचालक मंडळावर एक जुना शेतकरी हवाच आहे, तुमचं नाव घालू का? नाना उठले. उठताना त्यांनी खुर्ची हाताने मागे सारली, आवाज न करता. दुसऱ्याच्या घरातली वस्तू जपून वापरायची त्यांची सवय होती.

बाहेर येऊन ते पायरीवर बसले. मला म्हणाले, तुम्ही जा, मी बसतो. नरडाण्याकडे केलं तेच ते इथे करणार होते. पाणी घ्यायचं नाही, जेवायचं नाही, विचारेल त्याला कारण सांगायचं. मी समोरच्या झाडाखाली थांबलो. पहिल्यांदा रखवालदार आला आणि म्हणाला, बाबा, पायरीवर बसायला मनाई आहे. नाना फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला जाऊन बसले. ऊन होतं, छत्री उघडली. ते वाट बघत होते की कुणीतरी विचारेल. पण त्या रस्त्यावर कुणी येतच नव्हतं. प्रत्येक बंगल्याला कुंपण, प्रत्येक कुंपणाला फाटक, आणि आतून एखादं कुत्रं भुंकायचं तेवढंच. कुणाच्या दारात कोण उपाशी बसलंय हे बघायला ओट्यावर माणूस लागतो. तिथे ओटेच नव्हते. नरडाण्याकडच्या त्या मारकुट्या सासऱ्याला निदान शेजार होता, म्हणून त्याला लाज वाटली. या माणसाने लाज वाटू नये अशी जागा बघूनच घर बांधलं होतं.

ऊन कलल्यावर फाटक उघडलं आणि गाडी बाहेर आली. काच वर केलेली होती. गाडी नानांच्या समोरून गेली, धूळ उडाली, नानांनी छत्री आडवी धरली. मग म्हणाले, चला मास्तर, शेवटची गाडी चुकेल. एसटीत ते खिडकीशी बसले. फागण्याच्या पुढे त्यांनी मला एकच विचारलं, की या माणसाचं काय करतात? विमलला परत आणता आली, मत परत कसं आणायचं? मी शिकवणारा माणूस, नागरिकशास्त्राचं पुस्तक मुलांना दर वर्षी वाचून दाखवणारा. त्यात याचं उत्तर नव्हतं. मी पुढच्या निवडणुकीबद्दल काहीतरी बोललो. नानांनी मान हलवली, पण ते ऐकत होते असं वाटलं नाही.

पुढची निवडणूक आली. बापूसाहेब सरकारी पक्षाकडून उभे. आणि त्यांच्या विरोधात कोण? तर चेअरमनसाहेब! तिकीट नाकारलं म्हणून ते रागाने विरोधी पक्षात गेले होते आणि गावोगाव ओरडून सांगत होते की गायरान वाचवा. ज्याने गायरान गिळायला काढलं तो वाचवायला निघाला होता आणि ज्याने वाचवलं त्याने ते गिळलं होतं. दोघांनी फक्त टोप्या बदलल्या. मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं तेव्हा नाना म्हणाले, "हाऊ बी तोच, तो बी तोच." आणि आत जाऊन पागोटं बांधून आले.

त्यांनी पुन्हा घरोघर फिरायला सुरुवात केली. तीच घरं, तोच क्रम. ओट्यावर बसायचे आणि सांगायचे, "मागला टायमाले मी अठेच बठीसन शब्द दिधा व्हता. तो खोटा निंघना. तो मी परत लेवाले उनू." यांना मत द्या, त्यांना देऊ नका, असं काही नाही. फक्त शब्द परत मागायचे आणि हात जोडून पुढच्या घरी जायचे. लोकांना कसं वागावं तेच कळेना. काहीजण, नाना, तुमची काय चूक, म्हणून त्यांना चहा पाजायला बघायचे. पोरं मागे हसायची. भिलाटीत बुधा म्हणून एक म्हातारा होता, त्याच्या शेळ्यांमधली एक उरली होती. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "नाना, शब्द तुमी लई जाशात. शेळी मी कथा चारू?" नाना तिथून पुढे गेलेच नाहीत, घरी आले. शेवटची काही घरं राहून गेली.

निवडणुकीच्या आधी रस्त्यावर खडी पडली. सूतगिरणीत पोरांना नोकऱ्या लागणार असं पुन्हा सांगितलं गेलं. मतं पडली, आणि आमच्या गावातून बापूसाहेबांनाच जास्त पडली. बापूसाहेबांवर मी चिडलोच आहे, पण गावावर त्याहून जास्त चिडलो आहे. विचारलं तर म्हणायचे, सत्तेतला माणूस असलेला बरा, दोघेही सारखेच तर आहेत. खरं होतं ते. दोघे सारखे करून ठेवले की लोक असंच बोलायला लागतात, आणि तेच तर त्या दोघांना हवं असतं.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मिरवणूक गावात आली. नाना ओट्यावर शेंगा फोडत बसले होते, अक्का शेजारी. बापूसाहेबांची जीप नेमकी तिथे थांबली. मी शाळेतून येत होतो, समोरच उभा होतो. ते उतरले, गर्दी सारून ओट्यावर चढले आणि वाकून नानांच्या पायांना हात लावला. नाना पाय आखडून घ्यायला गेले तोवर त्यांच्या कपाळावर, मिशीवर, पागोट्यावर गुलाल पडला होता. बरोबर एक फोटोवाला आणला होता. त्याने "इकडे बघा बाबा" म्हटलं. नानांनी आवाज आला तिकडे बघितलं. खेड्यातला माणूस, हाक मारली की बघतो.

फोटो जळगावच्या पेपरात आला. खाली छापलं होतं: जुन्याजाणत्या कार्यकर्त्याचे आशीर्वाद. ज्या माणसाने महिनाभर घरोघर फिरून आपला शब्द परत मागितला, त्याचा तोच शब्द हजारो लोकांच्या हातात पुन्हा पोचवला गेला, तोही त्याच्या तोंडावर गुलाल फासून. मला त्या फोटोवाल्याचा गळा धरावासा वाटला होता. अक्का मला म्हणाल्या की नाना पेपर आला त्या दिवसापासून पारावर जात नाहीत. लोक थट्टा करतात म्हणून नाही. थट्टा कुणी केलीच नाही. लोकांना ते साधंच वाटलं, नाना शेवटी समजले म्हणून त्यांना बरंच वाटलं, आणि नानांना सहन झालं नाही ते हेच.

त्या वर्षी आखाजीला पोरी आल्या, पण नानांच्या दाराला कडी होती. ते पहाटेच शेतात जायचे आणि दिवस मावळताना यायचे. अक्का ओट्यावर बसून पोरींना गूळ द्यायच्या, सगळ्यांनाच, न बघता.

त्यानंतर थोड्या दिवसांनी माझ्या धाकट्या बहिणीला, शकूला, पारोळ्याचं स्थळ आलं. घर मोठं, मुलगा ग्रामसेवक. आबांना ते घर माहीत नव्हतं, नानांना पिढ्यानपिढ्या माहीत होतं. आबा म्हणाले, नानांना विचारून ये. ते हो म्हणाले तर हो, नाही म्हणाले तर नाही, मला बाकी काही बघायचं नाही. शकू आतल्या दारात उभी राहून ऐकत होती.

मी भिंतीवरून न बोलता दारातून गेलो. नाना अंगणात गाईला पाणी दाखवत होते. मी स्थळ सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावर मला जुने नाना दिसले. घराचं नाव ऐकल्याबरोबर त्यांनी मान वर केली, ओठ हलले, आता खोट सांगायला लागतील असं वाटलं. मग बादली खाली ठेवली.

"मास्तर," ते म्हणाले, "त्या मानूसले मी घरमा जाईसन देखं व्हतं. मायले वाढतांना देखं व्हतं. तरी माले समजनं नही. आते मना शब्दवर कोनी पोर देऊ नका."

मी काहीतरी समजावायला गेलो. त्यांनी हात वर केला नाही, रागावलेही नाहीत. बादली उचलली आणि गाईच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभे राहिले, म्हणजे मधे गाय आली आणि मला त्यांचे फक्त पाय दिसत राहिले. पुढच्याच पावसाळ्यात ते गेले. तोवर शेजारी राहूनही मी त्यांच्याशी नीट बोललो असं मला आठवत नाही, तेच शेवटचं.

बापूसाहेब पुढे आणखी दोन पक्ष बदलून आले. त्यांनी गायरान घेतलं, त्याचा हिशेब कधीतरी कुणीतरी मागेल. पण एका माणसाला आयुष्यभर जे एक काम येत होतं, ज्यावर गावातल्या लेकी डोळे मिटून परक्या घरी जात होत्या, ते त्याच्याकडून यांनी काढून घेतलं आणि त्यांना ते कळलंही नाही. त्या माणसाचं नाव कानात सांगायलाही आता त्यांच्याजवळ कुणी नसेल.

त्या दिवशी मी नानांकडून घरी आलो. आबा ओट्यावर टोपी घालून, उत्तर ऐकून लगेच पारोळ्याला निघायच्या तयारीत बसले होते. शकू दारातच होती. काय म्हणाले नाना, आबांनी विचारलं.

मी म्हणालो, "नाना घरी नाहीत."